मत आधी, प्रश्न नंतर : छोटा भागधारक आणि कंपनीची वार्षिक सभा

कंपनीची वार्षिक सर्वसाधारण सभा सभागृहात भरावी की पडद्यावर, हा वाद २०२० च्या उन्हाळ्यापासून चालू आहे. कोविडमुळे दिलेली तात्पुरती सवलत दरवर्षी वाढत गेली. २२ सप्टेंबर २०२५ च्या परिपत्रकाने कंपनी व्यवहार मंत्रालयाने ती पुढील आदेशापर्यंत चालू ठेवली. त्यामुळे मुदतीची टांगती तलवार तूर्त गेली. पण सभा नेमकी कशासाठी असते आणि दहा-वीस शेअर असलेल्या माणसाला तिथे कोणती जागा आहे, हा मूळ प्रश्न जिथल्या तिथे आहे. तो आजवर कसा घडत आला, त्यावर कोणती मतं आहेत आणि काय सुटायचं राहिलं आहे, हे इथे पाहू.

मैदान, सभागृह, पडदा

मुंबईत छोट्या भागधारकाची परंपरा जुनी आहे. १९०७ साली टाटांच्या पोलाद कंपनीसाठी लंडनच्या बाजारात भांडवल मिळेना, तेव्हा मुंबईत भागविक्री झाली आणि सुमारे ८ हजार भारतीयांनी तीन आठवड्यांत ते उभं केलं. त्यात संस्थानिक होते, तसे स्वदेशीच्या भावनेने चार पैसे घालणारे साधे लोकही होते. मात्र भागधारक हा मध्यमवर्गीय घरात सर्रास आढळणारा माणूस झाला तो १९७० नंतर. १९७३ च्या ‘फेरा’ या परकीय चलनविषयक कायद्याने बहुतेक परदेशी कंपन्यांना इथल्या उपकंपनीतला आपला हिस्सा ४० टक्क्यांवर आणावा लागला. साबण, टूथपेस्ट, औषधं बनवणाऱ्या नावाजलेल्या कंपन्यांचे शेअर बँकेतल्या, एलआयसीतल्या, शाळेतल्या नोकरदारांनी अर्ज भरून मिळवले. त्यातले कित्येक त्यांनी जन्मभर विकले नाहीत. १९७७ साली रिलायन्सची भागविक्री झाली आणि पुढच्या दहा वर्षांत तिचे भागधारक इतके वाढले की वार्षिक सभेला सभागृह पुरेना. कूपरेजचं फुटबॉल मैदान आणि क्रॉस मैदान इथे मांडव घालून सभा झाल्या.

बाकीच्या कंपन्यांची सभा म्हणजे मरीन लाइन्सचं बिर्ला मातुश्री सभागार, पाटकर हॉल, नरिमन पॉइंटचं चव्हाण सेंटर. जुलै ते सप्टेंबर हा हंगाम. ज्यांनी तो पाहिला त्यांना दाराशी अटेंडन्स स्लिप जुळवून घेणारी टेबलं, पावसाने ओल्या छत्र्या, वार्षिक अहवालाच्या प्रती आणि खाऊचा पुडा आठवेल. सभागृहात मधल्या वाटेत माइक असे. बोलणाऱ्यांची नावं आधी घेतलेली असत. कोणी इंग्रजीत, कोणी गुजरातीत, हिंदीत, मराठीत बोले. लाभांश वाढवा, बोनस द्या, कारखाना दाखवायला न्या, या मागण्या हमखास होत. मध्येच एखादे निवृत्त गृहस्थ अहवालात खुणेचा कागद घातलेलं पान उघडत. कंपनीने देणं म्हणून मान्य न केलेल्या दाव्यांची रक्कम एका वर्षात दुप्पट कशी झाली, हे ते विचारत, आणि व्यासपीठावर कुजबुज सुरू होई. अध्यक्ष वित्त अधिकाऱ्याकडे वळत, तो फाइल चाळू लागे. माझ्या मते वार्षिक सभेचं सारं समर्थन त्या मिनिटभरात आहे.

भेटवस्तूंची प्रथाही याच सभांमधली. कंपनीचा स्वतःचा माल किंवा सवलतीची कूपनं वाटली जात. कंपनी सेक्रेटरींच्या राष्ट्रीय संस्थेने केलेल्या, १ जुलै २०१५ पासून लागू झालेल्या मानकाने सभेत वा सभेच्या निमित्ताने भेटवस्तू, कूपन किंवा त्याबदली पैसे देण्यावर बंदी आणली. चहा-फराळ राहिला.

मग २०२० आलं. ८ आणि १३ एप्रिलच्या परिपत्रकांनी विशेष सर्वसाधारण सभा आणि ५ मेच्या परिपत्रकाने वार्षिक सभा व्हिडिओवरून घ्यायला परवानगी मिळाली. त्याच सुमारास भागधारकांची संख्याही बदलत होती. मार्च २०२० मध्ये देशात सुमारे ४ कोटी डीमॅट खाती होती. ऑगस्ट २०२३ मध्ये ती १० कोटींवर गेली आणि २०२५ मध्ये २० कोटींच्या पुढे. एका माणसाची दोन-तीन खाती असतात हे धरलं, तरी ज्यांनी वार्षिक सभा कधी सभागृहात पाहिलेलीच नाही असे भागधारक आता बहुसंख्य असणार. वादाचा विचार करताना हे विसरून चालत नाही.

कायद्याने दिलेलं आणि काढून घेतलेलं

२०१३ च्या कंपनी कायद्यानुसार आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत वार्षिक सभा झाली पाहिजे, आणि शेअर बाजारात नोंदलेल्या, बाजारमूल्यानुसार पहिल्या शंभर कंपन्यांची सेबीच्या नियमाप्रमाणे पाच महिन्यांत. नोटीस २१ दिवस आधी. सभा नोंदणीकृत कार्यालयात किंवा त्याच शहरात, सकाळी ९ ते संध्याकाळी ६ या वेळात, राष्ट्रीय सुट्टी सोडून. पाच हजारांहून जास्त सभासद असलेल्या कंपनीला कोरम फक्त ३० जणांचा लागतो. लाखो भागधारकांच्या कंपनीचीही सभा ३० माणसांवर वैध होते.

आपल्याकडे सर्वसाधारण सभा म्हटलं की सहकारी संस्थेची सभा डोळ्यांपुढे येते. साखर कारखाना असो वा गृहनिर्माण संस्था, तिथे एका सभासदाला एक मत. कंपनीत मत शेअरला असतं. पण एक गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात राहिलेली नाही. जुन्या पद्धतीत ठराव आधी हात वर करून मताला टाकत, आणि हात वर करताना दहा शेअरवाल्याचा हात आणि दहा लाख शेअरवाल्याचा हात यांची किंमत सारखीच धरली जाई. ज्याच्याकडे पुरेसे शेअर आहेत त्याला शेअरनिहाय मतदान मागता येई आणि मग निकाल फिरे. म्हणजे छोट्या भागधारकांचा कौल टिकत नसे, पण तो सभागृहात सगळ्यांना दिसत असे आणि तो पुसायला मोठ्या भागधारकाला उघडपणे पुढे यावं लागत असे. २०१३ च्या कायद्याने नोंदणीकृत कंपन्यांना ई-मतदान सक्तीचं केलं, आणि जून २०१४ मध्ये मंत्रालयाने खुलासा केला की जिथे ई-मतदान लागू आहे तिथे हात वर करून मतदान चालणार नाही. घरबसल्या लाखो लोकांना मत देता यावं, हा त्यामागचा हेतू चांगलाच होता आणि तो साधलाही. हाताची ती किंमत मात्र चर्चेविना गेली.

दुसरा बदल मला त्याहून मोठा वाटतो. दूरस्थ ई-मतदान किमान तीन दिवस चालतं आणि सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी ५ वाजता बंद होतं. ज्याने त्यात मत दिलं तो सभेला येऊ शकतो, बोलू शकतो, पण मत बदलू शकत नाही. बहुतांश मतं या दूरस्थ मतदानात पडतात. त्यामुळे सभा सुरू होते तेव्हा ठरावांचं भवितव्य जवळपास ठरलेलं असतं. कोणी कितीही मर्मावर बोट ठेवणारा प्रश्न विचारला, तरी तो ऐकून मत ठरवायला कोणी उरलेलं नसतं. मत आणि चर्चा यांची ही फारकत पडद्यावरच्या सभांनी आणलेली नाही. ती त्याआधी सहा वर्षं झाली होती, सभागृहं भरत होती तेव्हाच.

या मुद्द्याला न्यायालयात वाचा फुटली ती मुंबईतच. वडाळा कमोडिटीज कंपनीच्या गोदरेज इंडस्ट्रीजमध्ये विलीनीकरणाच्या प्रकरणात ८ मे २०१४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी सभेचा सविस्तर विचार केला. टपाली किंवा ई-मतदान हे प्रत्यक्ष सभेच्या जोडीला असावं, तिच्या जागी नव्हे, असा त्यांचा कल होता. भागधारकाचा हक्क केवळ हो-नाही म्हणण्यापुरता नाही. प्रश्न विचारणं, दुसऱ्याचं ऐकणं, इतरांचं मत वळवण्याचा प्रयत्न करणं हेही त्यात येतं. त्या निकालाचा संदर्भ न्यायालयाच्या आदेशाने भरणाऱ्या सभांचा होता, त्यामुळे वार्षिक सभेला तो जसाच्या तसा लावता येत नाही. पण या विषयावर आपल्याकडे जे तात्त्विक विवेचन झालं आहे, त्यात त्याचं स्थान फार वरचं आहे.

सभागृहाच्या बाजूने

प्रत्यक्ष सभेचा आग्रह धरणाऱ्यांमध्ये ज्येष्ठ भागधारक बरेच आहेत, पण युक्तिवाद केवळ सवयीचा नाही. त्यांचं म्हणणं असं : सभागृहात उत्तर टाळलं तर ते शेकडो लोकांना दिसतं. एकाचा प्रश्न अर्धा राहिला तर मागचा माणूस तो पूर्ण करतो. नापसंतीची कुजबुज व्यासपीठापर्यंत पोचते. पडद्यावर बोलणाऱ्याचा आवाज सुरू-बंद करण्याचं बटण कंपनीने नेमलेल्या माणसाकडे असतं, बाकीचे भागधारक एकमेकांना दिसत नाहीत, किती जण ऐकत आहेत तेही पुष्कळदा कळत नाही. बोलायचं तर काही दिवस आधी ई-मेल पाठवून वक्ता म्हणून नाव नोंदवावं लागतं, आणि वेळेअभावी वक्त्यांची संख्या मर्यादित करण्याचा हक्क कंपनी नोटिशीतच राखून ठेवते. प्रॉक्सी पाठवण्याची सोयही पडद्यावरच्या सभेत काढून टाकली आहे.

यातला प्रॉक्सीचा मुद्दा मला दुबळा वाटतो, कारण प्रॉक्सीला बोलण्याचा हक्क कधीच नव्हता. शेवटी एकत्र उत्तरं देण्याच्या ज्या पद्धतीला नावं ठेवली जातात, तीही पडद्याने आणलेली नाही. सभागृहातही बहुतेक अध्यक्ष सगळ्यांचं ऐकून घेत आणि मग जमेल तेवढ्यांना उत्तरं देत. पण भागधारक एकमेकांना दिसत नाहीत, ही तक्रार खरी आहे आणि तिचं समाधानकारक उत्तर मी अजून ऐकलेलं नाही.

पडद्याच्या बाजूने

पडद्याच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा भूगोलाचा आहे. सभा नोंदणीकृत कार्यालयाच्या शहरातच, या नियमाने मुंबईतल्या कंपन्यांची सभा मुंबईकरांची होत असे आणि आकुर्डीत कार्यालय असलेल्या बजाज ऑटोची पुणेकरांची. कणकवलीच्या, लातूरच्या, गोंदियाच्या भागधारकाला एका सभेसाठी प्रवासखर्च आणि दोन दिवस घालवायला परवडत नसे. त्याच्या लाभांशापेक्षा तिकीट महाग पडे. मडगाव किंवा इंदूरमधल्या माणसाचीही तीच गत. आता तो फोनवर सभा पाहतो, मत देतो, नाव नोंदवून बोलूही शकतो. नोकरदार बायकांना, चालता न येणाऱ्या वृद्धांना हे दार पहिल्यांदाच उघडलं आहे. २०२० च्या परिपत्रकाने पडद्यावर किमान एक हजार सभासदांची सोय करणं मोठ्या कंपन्यांवर बंधनकारक केलं, आणि सभेची नोंद जतन करून ती पब्लिक कंपनीने संकेतस्थळावर ठेवावी असंही सांगितलं. सभागृहातल्या सभेचं असं काही मागे उरत नसे. कंपन्या सभागृहाचं भाडं, छपाई, टपाल यांतली बचतही पुढे करतात. ती खरी आहे, पण मोठ्या कंपनीच्या नफ्यापुढे ती रक्कम नगण्य असते, तेव्हा तिला फार वजन देऊ नये.

मार्च २०२२ मध्ये सरकारच्या कंपनी कायदा समितीने प्रत्यक्ष, आभासी आणि मिश्र अशा तिन्ही पद्धतींना कायद्यातच स्थान द्यावं अशी शिफारस केली. जर्मनीने २०२२ मध्ये कायदा करून आभासी सभेला कायमचं स्थान दिलं आणि अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात तशी मुभा २००० पासून आहे. मिश्र सभा म्हणजे सभागृह आणि पडदा दोन्ही. ती दोन्ही बाजूंना मान्य होण्याजोगी आहे, पण दोन्हीकडचा खर्च आणि तांत्रिक गोंधळाची भीती यांमुळे कंपन्या सक्तीला राजी नाहीत.

सभेला फार महत्त्व न देणारे

तिसरा विचार असा की छोट्या भागधारकाचं संरक्षण सभेतल्या भाषणांनी होतच नाही. ते होतं संस्थात्मक गुंतवणूकदारांच्या मतांनी. प्रवर्तकांकडे ५० टक्क्यांच्या वर हिस्सा असेल तर साधारण ठराव मंजूर होणारच. विशेष ठरावाला विरोधी मतांच्या तिप्पट मतं लागतात, तिथे मात्र अडवता येतं. जुलै २०१४ मध्ये टाटा मोटर्सच्या तीन वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या मानधनाचे विशेष ठराव फेटाळले गेले. ऑगस्ट २०२१ मध्ये आयशर मोटर्सच्या वार्षिक सभेत सिद्धार्थ लाल यांच्या फेरनियुक्ती व मानधनाच्या ठरावाला सुमारे ७३ टक्के मतं पडूनही तो नापास झाला. कंपनीला मानधनाच्या अटी बदलून पुन्हा भागधारकांकडे जावं लागलं. मे २०२४ मध्ये नेस्ले इंडियाने मूळ कंपनीला द्यायचं स्वामित्वशुल्क ४.५ टक्क्यांवरून टप्प्याटप्प्याने ५.२५ टक्क्यांवर नेण्याचा ठराव आणला. संबंधित पक्ष म्हणून मूळ कंपनीला त्यावर मत देता येत नव्हतं, आणि उरलेल्यांपैकी सुमारे ५७ टक्के मतं विरोधात गेली.

या तीन घटना बारकाईने पाहाव्यात. टाटा मोटर्स आणि नेस्लेचं मतदान टपाली मतदानाच्या पद्धतीने झालं, सभा भरलीच नव्हती. तिन्ही ठिकाणी वजन पडलं ते संस्थांच्या मतांचं, आणि या संस्थांना मत ठरवायला मदत करणाऱ्या सल्लागार कंपन्या आपल्याकडे २०१० च्या आसपास उभ्या राहिल्या. सेबीने म्युच्युअल फंडांना १ एप्रिल २०२२ पासून सर्व ठरावांवर मत देणं सक्तीचं केलं, त्यामुळे हा दबाव आता कायमचा झाला आहे. ज्याने शेअरऐवजी फंडात पैसे घातले त्याचं मतही अशा रीतीने वापरलं जातं. माहितीच्या बाबतीतही या विचाराकडे पुरावा आहे : विश्लेषकांशी होणाऱ्या तिमाही बैठकांचं ध्वनिमुद्रण आणि टिपण २०२१ च्या दुरुस्तीमुळे कंपन्यांना जाहीर करावं लागतं, आणि तिथले प्रश्न वार्षिक सभेतल्या प्रश्नांहून सहसा धारदार असतात.

मला हा विचार अर्धा पटतो. संस्थांनी मतं फिरवली म्हणून निकाल लागले, हे खरंच. पण फंड व्यवस्थापकाचं हित आणि वीस वर्षं शेअर धरून बसलेल्या शिक्षिकेचं हित दरवेळी एक नसतं. शिवाय विश्लेषक कंपनीशी संबंध राखून असतात. त्यांना पुढच्या तिमाहीतही बैठकीला बसायचं असतं. ज्याला काहीच नको आहे असा प्रश्नकर्ता वार्षिक सभेतच भेटतो.

अर्थात तिथेही सगळेच असे नसतात. प्रत्येक सभेला हजर राहून अध्यक्षांची स्तुती करणारे, कंपनी सेक्रेटरींशी घसट ठेवणारे वक्ते हा भागधारकांच्याच तक्रारीचा जुना विषय आहे. जपानमध्ये सभा उधळण्याची धमकी देऊन किंवा ती झटपट पार पाडून देण्याचं आश्वासन देऊन पैसे काढणाऱ्या टोळ्याच होत्या आणि १९८१ च्या दुरुस्तीने त्यांना पैसे देणं गुन्हा ठरवावं लागलं. आपल्याकडे त्या थराचा प्रकार नाही. पण आधी नाव नोंदवण्याच्या पद्धतीत निवडीचं माप कंपनीच्या हाती गेल्यामुळे स्तुतिपाठकांना जागा वाढते, असं टीकाकार म्हणतात. वेळेची शिस्त त्यामुळेच आली, असं कंपन्या सांगतात.

प्रतिनिधित्वाचा न वापरलेला रस्ता

कायद्याच्या कलम १५१ मध्ये छोट्या भागधारकांचा संचालक नेमण्याची तरतूद आहे. ज्याच्याकडच्या शेअरचं दर्शनी मूल्य २० हजार रुपयांपेक्षा जास्त नाही तो छोटा भागधारक. अशा एक हजार किंवा एकूण छोट्या भागधारकांच्या एक दशांश, यांपैकी जी संख्या कमी तेवढ्यांनी नोटीस दिली तर संचालक निवडण्याची प्रक्रिया सुरू होते. व्याख्या चमत्कारिक आहे. एक रुपया दर्शनी मूल्याचा शेअर बाजारात दोन हजारांना असेल, तर चार कोटींचा मालकही छोटाच ठरतो. त्याहून मोठी अडचण एक हजार लोक एकत्र आणण्याची आहे. सभागृहात निदान दाराशी उभं राहून सह्या घेता येत. विखुरलेल्या डीमॅट खातेदारांना एकमेकांचा ठावठिकाणा नसतो. म्हणूनच ही तरतूद कायद्यात आहे, वापरात क्वचितच.

काय सुटायचं आहे

पहिलं, क्रम. मतदान आदल्या दिवशी बंद करण्याऐवजी सभा संपल्यावर आणखी काही काळ उघडं ठेवावं का, आणि आधी दिलेलं मत सभेनंतर बदलू द्यावं का? निकाल दोन कामाच्या दिवसांत जाहीर करायचा असतो, त्यामुळे वेळेची अडचण फार नाही. पण संस्थांची मतं ठरवण्याची आतली पद्धत याला अनुकूल नाही आणि कंपन्यांना शेवटच्या क्षणी निकाल फिरण्याची धास्ती वाटते. माझ्या मते सभागृह की पडदा यापेक्षा हा प्रश्न आधी सोडवायला हवा, पण या वादात त्याचा उल्लेख सर्वांत कमी होतो.

दुसरं, भाषा. नियमाप्रमाणे ई-मतदानाची जाहीर सूचना स्थानिक भाषेतल्या वृत्तपत्रात द्यावी लागते, त्यामुळे मुंबईच्या कंपन्यांच्या सूचना ‘नवशक्ति’सारख्या दैनिकांत मराठीत छापून येतात. ज्या अहवालावर मत द्यायचं तो मात्र इंग्रजीतच, आणि तो तीन-तीनशे पानांचा. निदान संबंधित पक्षांशी झालेले व्यवहार, संभाव्य देणी आणि लेखापरीक्षकाचे शेरे यांचा मराठी गोषवारा द्यायला कंपन्यांना अडचण असू नये, पण तशी मागणी कोणी संघटितपणे केलेली नाही.

तिसरं, ई-मेल नसलेले लोक. नोटीस आणि अहवाल आता मुख्यतः ई-मेलने जातात. छापील प्रत मागितल्यास मिळते, पण मागावी लागते हेच ज्यांना ठाऊक नाही त्यांचं काय? जुनी कागदी सर्टिफिकेटं अजून ट्रंकेत ठेवलेल्या घरांमध्ये हा प्रश्न खराखुरा आहे.

आणि शेवटचं, उत्तरांची नोंद. सभेच्या मुद्रणाची प्रत संकेतस्थळावर ठेवण्याचं परिपत्रक सांगतं, तेही जमेल तेवढ्या लवकर एवढ्याच शब्दांत. नोंदणीकृत कंपनीने कलम १२१ खाली सभेचा जो अहवाल ३० दिवसांत निबंधकाकडे दाखल करायचा, त्यात हजेरी, कोरम, ठराव आणि निकाल असतात. कोणत्या भागधारकाने काय विचारलं, कोणत्या प्रश्नाला उत्तर मिळालं, कोणता नंतर कळवतो म्हणून ठेवला गेला आणि तो पुढे कळवला का, हे लिहिण्याची सक्ती कुठेच नाही.